मागणी रजिस्टरची प्रिंट दिली म्हणजे जनगणनेची घरयादी झाली का?

प्रश्न विचारणारा भाऊ जालना जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीत कर विभागात आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की २०२७ च्या जनगणनेसाठी शहराचा चार्ज, म्हणजे इथल्या सगळ्या कामाची जबाबदारी, मुख्याधिकाऱ्यांकडं आलाय, ब्लॉक (एकेका प्रगणकाचे इलाके) पाडायचेत, आणि साहेब म्हणाले मालमत्ता कराच्या मागणी रजिस्टरची प्रिंट मार, त्यावरून सतरा वॉर्डाचे ब्लॉक पाडून टाकू. ह्याला शंका आहे की रजिस्टरात बरीच घरं नाहीतच. शिवाय त्याने कुठंतरी वाचलंय की अमेरिकेत जनगणनावाले स्वतःची पत्त्यांची यादी तिथल्या नगरपालिकांना तपासायला देतेत, मग आपल्याकडं काहून नाही?

शंका बरोबर आहे, आधी तेच सांगतो. मी तहसीलला होतो, २००१ आणि २०११ दोन्ही वेळेस चार्जच्या कामात होतो, आता रिटायर आहे. यावेळी कागदाऐवजी मोबाईल ॲप आलंय, नकाशे वेब पोर्टलवर पाडायचेत, पण यादीचं जे दुखणं तेव्हा होतं तेच आजही आहे. तुमच्या साहेबांचा प्रश्न "कोणती यादी द्यायची" हा आहे. खरा प्रश्न वेगळा आहे, आपल्या यादीला कोणती घरं दिसत नाहीत. मागणी रजिस्टर हे कोणाकडून किती वसूल करायचं त्याचं रजिस्टर आहे, त्यात माणूस राहतो का नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. जनगणनेला नेमकं तेवढंच पाहिजे असतं. म्हणून रजिस्टर द्या, जरूर द्या, पण ते पूर्ण आहे म्हणून देऊ नका.

अमेरिकेचं आधी उरकून घेतो. तिथं जनगणना खात्याकडं सगळ्या देशाच्या पत्त्यांची एक कायमची फाईल असते आणि जनगणनेचं पत्र त्या पत्त्यावर टपालाने जातं. यादीत पत्ता नाही तर पत्रच जात नाही, माणूस मोजायचा राहिला. म्हणून १९९४ ला तिथं कायदा झाला की जनगणनेआधी ही यादी स्थानिक सरकारांना तपासायला द्यायची. २०२० च्या जनगणनेसाठी २०१८ मध्ये याद्या पाठवल्या, तपासायला १२० दिवस दिले, पत्ता वाढवा, दुरुस्त करा, खोटा असेल तर काढा, आणि खात्याने ऐकलं नाही तर अपील पण करता येतं. यादी हातात घेणाऱ्याला गुप्ततेवर सही करावी लागते, पत्ते बाहेर फोडले तर पाच वर्षांपर्यंत जेल नाहीतर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडं अशी कायमची फाईलच नसते. आपल्याकडं दर खेपेला प्रगणक पायी फिरून यादी नव्याने तयार करतो, तोच पहिला टप्पा, घरयादी आणि घरगणना. २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर दरम्यान प्रत्येक राज्याने ठरवलेल्या ३० दिवसांत हे होणार, त्याआधी १५ दिवस लोकांनी स्वतः भरायची सोय. मग फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसं मोजायची.

म्हणजे आपल्याकडं स्थानिक संस्थेला "ही यादी बघा आणि चुका सांगा" असं कोणी म्हणत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यात कलम ४अ आहे, त्यात स्थानिक संस्थेने माणसं पुरवायची एवढंच सांगितलंय. पण याचा अर्थ तुमच्या हातात काही नाही असा होत नाही. उलट आपल्याकडं यादी नीट करायची वेळ एकच, ब्लॉक पडायच्या आधी. ब्लॉक म्हणजे एका प्रगणकाचा इलाका, साधारण ७०० ते ८०० माणसं. जी वस्ती कोणत्याच ब्लॉकच्या नकाशात आली नाही तिथं प्रगणक जाणारच नाही, त्याचा दोष पण नाही. आणि अशी वस्ती आहे हे तालुक्यात कोणाला माहीत असतं? नगरपंचायतीच्या वसुलीवाल्याला, नळ सोडणाऱ्याला, कोतवालाला. दिल्लीच्या सर्व्हरला नाही.

आता तुमच्या गावाची एक खास अडचण. बदनापूर, मंठा, घनसावंगी, जाफराबाद, या सगळ्या २०११ ला ग्रामपंचायती होत्या, नगरपंचायती नंतर झाल्या. तुमचंही यातलंच एखादं असेल. म्हणजे शहर म्हणून तुमचा मागचा नकाशा नाहीच, २०११ चे ब्लॉक गावाच्या नावाखाली पडलेले, वॉर्ड तेव्हा वेगळे, आणि नगरपंचायत करताना गावठाणासोबत शिवारही हद्दीत आलं. शहर म्हटल्यावर डोक्यात बाजारपेठ, बसस्टँड, तहसील येतं, पण हद्दीच्या कडेला चांगली अडीच-तीन किलोमीटर लांब शेतवस्ती असते. म्हणून पहिलं काम रजिस्टर काढायचं नाही. पहिलं काम हद्दीची अधिसूचना काढा, ज्यात गट नंबर दिलेले असतेत, आणि तलाठ्याला सोबत घेऊन ती हद्द सॅटेलाइट फोटोवर आखा. हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या गेल्या, ३१ मार्च २०२७ पर्यंत त्यात बदल नाही, म्हणजे त्या तारखेला जी हद्द होती तीच धरायची. हद्दवाढीचा ठराव कुठं पडलेला असला तरी तो सध्या बाजूला ठेवा.

हद्द आखली की कडेकडेने फिरा. मोटरसायकलवर फिरा, दोन माणसं बरोबर घ्या, दुपारी नका फिरू, सकाळी नाहीतर दिवे लागायच्या वेळेला, तेव्हा माणसं वस्तीवर सापडतेत. मधल्या गावठाणात प्रगणक काही सोडत नाही हो, गल्ली गल्लीत घर दिसतं, एक चुकलं तर शेजारचा सांगतो. चुकतं ते कडेला. शिवेवरच्या आखाड्यावर (शेतातल्या राहत्या वस्तीवर), कालव्याच्या पलीकडं, रेल्वेलाइनच्या त्या बाजूला, बायपासच्या ढाब्यामागं. शिवेवरचा माणूस म्हणतो "आमी तिकडच्या गावचे, मतदान तिकडं हाय", आणि तिकडचा प्रगणक म्हणतो ते घर आमच्या हद्दीत नाही. दोन्ही खरं बोलतेत आणि घर दोन्हीकडून जातं. जनगणना मतदार यादीवर चालत नाही, हद्दीवर चालते, घर ज्या हद्दीत उभं आहे तिथं ते मोजायचं. शेजारच्या गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला फोन करून शिवेवरची घरं एकदा समोरासमोर वाटून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे पण कोणी करत नाही.

हे वाचणाऱ्या ग्रामपंचायतवाल्यांसाठी पण एक सांगतो. ग्रामीण भागात जनगणनेचा हिशोब महसुली गावाचा असतो, ग्रामपंचायतीचा नाही. आपल्याकडं कितीतरी तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायत आहे पण महसुली गाव म्हणून ते मूळ गावातच धरले जातेत. तांड्याचा सरपंच वाट बघतो की आमचा वेगळा आकडा येईल, तो तसा येत नाही. पण तांडा वेगळा ब्लॉक म्हणून पाडता येतो, आणि पाडावा, म्हणजे निदान तिथं पूर्ण वेळ एक प्रगणक जातो आणि मूळ गावाच्या ब्लॉकला शेपटी म्हणून तो लटकत नाही. तसंच लातूर-धाराशिवकडं १९९३ च्या भूकंपानंतर जी गावं नवीन जागेवर बसली, किंवा धरणात गेलेली गावं वर सरकली, तिथं जुनं गावठाण रिकामं धरून चालू नका. जाऊन बघा. आणि केंद्राच्या स्वामित्व योजनेत काढलेला ड्रोन नकाशा असेल तर तो सोन्यासारखा आहे, पण तो गावठाणापुरता, शेतवस्ती त्यात नाही.

आता रजिस्टरवर येऊ. तुमच्या रजिस्टरला काय दिसत नाही ते मी अनुभवावरून सांगतो, तुमच्याकडं यातलं थोडंफार कमीजास्त असेल.

आकारणी चार वर्षांनी होते, ती पण कागदावर, प्रत्यक्षात कितीदा मागचंच रजिस्टर टक्केवारी वाढवून पुढं ढकललेलं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणजे मधल्या काळातली घरं नाहीत. बॉन्डवर घेतलेले प्लॉट, तिथं पत्र्याच्या दोन खोल्या टाकून माणूस सहा वर्षं राहतोय, नोंद मूळ शेतमालकाच्या नावावर नाहीतर नोंदच नाही. गायरानावरची घरं, काही ठिकाणी भोगवटादार म्हणून लागलेली असतेत, काही ठिकाणी मुद्दाम लावत नाहीत कारण लावलं की हक्क सांगतील अशी भीती. करमाफीच्या इमारती, म्हणजे शाळा, मंदिर, मशीद, सरकारी क्वार्टर, वसतिगृह, आश्रमशाळा. वसतिगृहात शंभर पोरं असतील पण तुमच्या मागणीत शून्य रुपये म्हणून ती ओळच गाळलेली. आणि कामाच्या जागी राहणारी माणसं, हे आपल्या जालन्यात फार. स्टीलच्या कारखान्यात शेडच्या आत राहणारे बाहेरच्या राज्यातले कामगार, जिनिंगमधले, वीटभट्टीवरचे, क्रशरवरचे, शाळेचा वॉचमन, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची सिस्टर. रजिस्टरात तिथं "कारखाना" लिहिलंय, माणूस नाही.

याच्या उलट पण आहे, रजिस्टरला जास्तीचं दिसतं. रिकामे प्लॉट, पडलेले वाडे, एकाच माणसाच्या नावावर पाच गाळे. जनगणनेत घर म्हणजे स्वतंत्र दाराची जागा, रस्त्यावरून किंवा सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून ज्याला आपलं दार आहे ती. दुकान, गोदाम, देऊळ यांनाही नंबर पडतो, पण कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. आता एक वाडा घ्या, मिळकत एक, नाव आजोबाचं, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, वारसाची नोंद नाही, आत तीन भाऊ तीन गॅस, पुढच्या खोलीत भाडेकरू. तुमच्या यादीत १ आणि जनगणनेत चार कुटुंबं. आणि पेठेत दोनशे मिळकती असतील तिथं रात्री झोपायला चाळीस कुटुंबं पण नसतील.

म्हणून साहेबांना सगळ्यात आधी हे सांगा की मिळकतींच्या आकड्याला पाचने गुणून लोकसंख्या काढू नका. मी बघितलेलं आहे काय होतं ते. पेठेच्या ब्लॉकवाला गुरुजी (शाळेचे शिक्षकच प्रगणक असतेत) चार दिवसांत मोकळा आणि झोपडपट्टीच्या ब्लॉकमध्ये बाई उन्हात मरमर फिरतेत, शेवटच्या आठवड्यात दार वाजवायचं सोडून शेजाऱ्याला विचारून भरतेत. ३३ प्रश्न आहेत घरयादीत, शेजारी काय सांगणार, भिंत कशाची आणि पाणी कुठून येतं एवढं सांगेल फार तर. मे महिन्यात आपल्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असतं, हे पुण्या-मुंबईत बसून नियोजन करणाऱ्याला लक्षात येत नाही.

मग लोकसंख्येचा अंदाज कशावरून घ्यायचा? एका यादीवरून नाहीच. तुमच्याच ऑफिसात नळ कनेक्शनचं रजिस्टर आहे, ते कर रजिस्टराशी लावून बघा, जिथं नळ आहे आणि मिळकत नाही ती सगळी नावं वेगळी काढा. मग अंगणवाडी सेविकेचं कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर, माझ्या मते गावातली सगळ्यात खरी यादी तीच, कारण तिला दरमहा घरी जावं लागतं, आणि ती मालकाचं नाही, राहणाऱ्याचं नाव लिहिते. आशाताईचं पण तसंच. शेतवस्तीसाठी लाइनमन. कोणत्या आखाड्यावर नुसती मोटार आहे आणि कुठं घरगुती मीटर आहे त्याला तोंडपाठ असतं. रेशनवाल्याची यादी मी शेवटी धरतो, कारण कार्ड गावात आणि माणूस वाळूजला कंपनीत, असं आपल्याकडं निम्म्या घरांत असतं. आधारचं पण तेच. लांब राहणारी माणसं गावचा पत्ता सोडत नाहीत.

या सगळ्या याद्या एकत्र करून एक मोठी "अंतिम यादी" बनवायच्या नादी लागू नका हं. तो खड्डा आहे, महिना जाईल, नावं जुळणार नाहीत, एकीकडं टोपणनाव एकीकडं बापाचं नाव. तुम्हाला नावं जुळवायची नाहीतच. प्रत्येक गल्ली, प्रत्येक वस्तीसाठी एवढंच पाहिजे की साधारण किती चुली, जागा कुठं, आणि तिथं पोचायचं कसं. गल्लीनिहाय चार याद्यांचे चार आकडे शेजारी शेजारी मांडा. जिथं आकडे जवळपास सारखे तिथं जायची गरज नाही. जिथं फरक मोठा तिथं जा, दारं मोजा. तुमचा सगळा वेळ त्या फरकाच्या ठिकाणी गेला पाहिजे.

पत्ता लिहायची पद्धत पण बघून घ्या. आपल्या जुन्या शहरांत, संभाजीनगर, नांदेड, परभणीकडं, निजामाच्या वळणाचे तीन आकडी घर नंबर आहेत, ४-१२-६५ असले. वॉर्ड कितीदा बदलले पण पाटीवर नंबर जुनाच, त्यामुळं पहिला आकडा वाचून वॉर्ड ठरवू नका. नवीन वसाहतीत नंबरच नाही, प्लॉट नंबर आहे तो बिल्डरच्या नकाशातला. शेतवस्तीवर तर "मु.पो." च्या पुढं काहीच नाही. म्हणून प्रत्येक लांबच्या वस्तीसाठी तीन गोष्टी लिहा: लोक तोंडाने काय म्हणतेत ते नाव, कागदावरचं नाव, आणि मोबाईलवरचं लोकेशन. पहिली दोन का, तर २०२० च्या डिसेंबरला सरकारने जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, तो चांगलाच झाला, पण बऱ्याच ठिकाणी पाटीवर नवीन नाव आणि जुन्या नकाशात जुनं. बाहेरून आलेल्या प्रगणकाला दोन्ही माहीत पाहिजे, बोलताना मात्र नवीन नावच वापरायचं हे त्याला सांगून ठेवा. आता घराघराचं लोकेशन ॲपवर लागणार आहे, पण लोकेशन लावायला आधी तिथं पोचावं लागतं.

ब्लॉकची सीमा डोळ्याला दिसेल अशी ठेवा. ओढा, पांदण, डांबरी रस्ता, कालवा, रेल्वे. गट नंबरचा बांध सीमा म्हणून टाकला की प्रगणक शेतात उभा राहून विचारणार, बांध कोणता. ब्लॉक वॉर्डाच्या बाहेर जाता कामा नये, आणि दोन ब्लॉकच्या मधे फट राहता कामा नये. सगळे ब्लॉक एका मोठ्या प्रिंटवर वेगवेगळ्या रंगाने भरून बघा, पांढरं काही उरलं तर तिथं काय आहे ते माहीत असल्याशिवाय सोडू नका, तळं असलं तरी "तळं" लिहा.

आता ऊसतोड. हा मुद्दा मराठवाड्यात यादीपेक्षा मोठा आहे आणि यावर कोणी बोलत नाही. घरयादी होणार एप्रिल ते सप्टेंबरमधे, तेव्हा टोळ्या घरी आलेल्या असतेत, बीड, जालना, परभणीकडं गावं भरलेली. माणसं मोजायची फेब्रुवारीत, तेव्हा हीच माणसं कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात फडावर, नाहीतर आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्याच्या तळावर. उन्हाळ्यात तो तळ म्हणजे मोकळं वावर, घरयादीवाला तिथं शून्य लिहून जाईल आणि त्याचं बरोबरच आहे. फेब्रुवारीत तिथं शेकड्याने कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपड्या. २०११ ला नियम असा होता की ९ ते २८ फेब्रुवारी या पूर्ण काळात माणूस आपल्या घरी नव्हता तर तो जिथं आहे तिथं मोजायचा. म्हणजे घराला कुलूप आणि माणूस तळावर, आणि तळ ब्लॉकमधे नीट धरला नसेल तर तो माणूस देशात कुठंच नाही. म्हातारी आणि लहान पोरं मागं राहिलेली असली तर ती गावात मोजायची, आई-बाप तिकडं.

इथं नगरपंचायत दोन कामं करू शकते. एक, तुमच्या हद्दीत किंवा लगत जिथं दर हंगामाला कोप्या पडतेत त्या जागा आत्ताच नकाशावर दाखवा, "उन्हाळ्यात रिकामी, नोव्हेंबर ते मार्च वस्ती" असं स्पष्ट लिहा, म्हणजे फेब्रुवारीच्या टप्प्याला तिथं प्रगणक नेमता येईल. कारखान्याच्या शेतकी विभागाला विचारलं की कोणत्या तळावर किती कोयते (तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) ते सांगतेत. दोन, जाणाऱ्या वस्त्यांची नोंद ठेवा आणि मुकादमाला विचारून ठेवा टोळी कुठं जाणार. ऑक्टोबरला टोळ्या निघताना हे काम होतं, फेब्रुवारीत फोन पण लागत नाही.

भीतीचं बोलायलाच पाहिजे. गायरानावरचा माणूस म्हणणार "नंबर टाकला की उठवतेत". प्लॉटवाला म्हणणार "नंबर पडला म्हणजे आता घर नावावर झालं". दोघांनाही सरळ सांगा, याने काहीच होत नाही, ना जागा जाते ना मिळते. जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ह्या नोंदी कोणाला बघायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणून चालत नाहीत. पण हे तोंडाने सांगून उपयोग नाही जर तुमचाच माणूस सकाळी प्रगणकाबरोबर आणि संध्याकाळी थकबाकीची नोटीस घेऊन त्याच दारात उभा राहिला. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, वस्तीवर वाट दाखवायला वसुलीवाला देऊ नका. नळ सोडणारा द्या, अंगणवाडीची मदतनीस द्या. आणि त्या महिन्यात अतिक्रमणाची मोहीम पण काढू नका, ती पुढं ढकलता येते.

फिरताना तुमच्या लक्षात येईल की अमुक इतकी घरं आकारणीत नाहीत. मोह होणारच. ती आकारणी तुमच्या अधिकारात तुम्ही वेगळी करा, वेगळ्या वेळी, वेगळ्या कागदावर. जनगणनेच्या कामात गोळा केलेलं मागणी रजिस्टरात उतरवलं हे एकदा गावाला कळलं की फेब्रुवारीत दार उघडायचं नाही कोणी. माहिती तुमच्याकडून जनगणनेकडं जाते, तिकडून परत येत नाही, अशी एकच दिशा ठेवायची.

दुसरा दबाव राजकीय. लोकसंख्येवर निधी असतो, सदस्यसंख्या असते. ग्रामपंचायतीत तर १५०० च्या वर गेलं की ७ चे ९ सदस्य, ३००० च्या वर ११, असं चढत जातं, त्यामुळं सरपंचाला आकडा वाढलेला पाहिजेच असतो. "आमची पोरं पुण्याला असतेत पण नावं इथंच लावा" हे तुम्हाला ऐकावं लागेल. नाही लावायची. ती पुण्यात मोजली जाणार. खरं म्हणजे आकडा वाढवायचा प्रामाणिक रस्ता उघडाच आहे, कडेच्या वस्त्या, भाडेकरू, कामगार, वसतिगृह नीट धरले तर खोटं एक नाव न लावता आकडा वाढतो. नगराध्यक्षांना हे असंच समजावून सांगा, त्यांना पटतं.

सगळं मिळून तुम्ही द्यायचं काय, तर हद्द आखलेला नकाशा, त्यावर रंगवलेले ब्लॉक, गल्ली-वस्तीनिहाय चुलींचा अंदाज कशावरून घेतला त्यासकट, कडेच्या आणि हंगामी वस्त्यांचं वेगळं पान लोकेशनसकट, आणि प्रत्येक वस्तीसाठी वाट दाखवणाऱ्या माणसाचं पद. मागणी रजिस्टर सोबत जोडा, पण त्यावर लिहा की ही मिळकतींची यादी आहे, कुटुंबांची नाही. लोकांची नावं, आधार, फोन नंबर यातलं काही पाठवू नका, गरज नाही. लहान नगरपंचायतीला दोन-तीन माणसं लावली तर हे पंधरा-वीस दिवसांत बसतं, तुमच्याकडं माणसं किती आणि शिवार किती त्यावर आहे, शिवार मोठं असेल तर गावठाण सोडा आणि आधी कड उरका.

ब्लॉक पडून गेल्यावर एखादी वस्ती राहिलेली दिसली तर गप्प बसू नका, लगतच्या ब्लॉकचा नंबर आणि लोकेशन टाकून चार्ज ऑफिसला लेखी द्या, त्या प्रगणकाला आणि पर्यवेक्षकाला पण कळवा. ३० दिवस संपायच्या आत ती शेजारच्या ब्लॉकमधे घेता येते. व्हॉट्सॲपवर टाकून विसरू नका, आवक नंबर घ्या.

आणि साहेब प्रिंटवरच अडून बसले तर त्यांना जनगणनेचं महत्त्व वगैरे सांगत बसू नका, त्यांना ते माहीत आहे. एवढंच म्हणा, साहेब, चार्ज तुमच्या नावावर आहे, ब्लॉक आठशेचा समजून पाडला आणि आत दीड हजार माणूस निघाला तर भर मे महिन्यात नवीन गुरुजी शोधायची चिठ्ठी तुमच्याच टेबलावर येणार. माझ्या साहेबांना हेच पटलं होतं.